आकाशातला अपघात, जमिनीवरची घाई

मकर संक्रांतीला जयपूरचं आकाश एकदा तरी पाहावं. जुन्या शहरातली सगळी घरं गच्चीवर चढलेली असतात. हांडीपुऱ्याच्या बाजारातून आणलेले पतंग, बरेलीचा मांजा, ताटात तिळाचे लाडू आणि फेणी, कर्ण्यावर गाणी. दोन पतंगांची काटाकाटी होते, एकाची दोर तुटते आणि आठ-दहा गच्च्यांवरून एकच आरोळी उठते, "वो काटा!" कटलेला पतंग हेलकावे खात खाली येतो, पोरं त्याच्यामागे धावत सुटतात. पतंग कोणाचा, काटला कोणी, चूक ढील देण्यात झाली की खेचण्यात, याचा निवाडा पतंग जमिनीला टेकायच्या आत होऊन गेलेला असतो.

पतंगाच्या बाबतीत हा निवाडा कितीही घाईनं केला, तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण आकाशात खरीखुरी विमानं एकमेकांवर आदळतात, तेव्हाही आपण हेच करू लागलो आहोत. विमानाचे तुकडे अजून धुमसत असतात आणि चूक कोणाची, हे आपलं ठरलेलं असतं.

२०२३ सालची संक्रांत होऊन दोन आठवडे झाले होते. २८ जानेवारी, शनिवारची सकाळ. जयपूरपासून काही तासांच्या अंतरावर भरतपूर जिल्ह्यात एका विमानाचे अवशेष पडले. गावकरी धावले, कोणी पाणी मारलं, कोणी फोनवर चित्रण केलं. पहिली बातमी फुटली ती एक खासगी चार्टर विमान कोसळल्याची. मग कळलं, विमान हवाई दलाचं आहे. तेवढ्यात शेजारच्या मध्य प्रदेशातून, मोरेना जिल्ह्यातून, तिथंही विमान पडल्याची बातमी आली. एकाच सकाळी तीन विमानं पडल्याचे मथळेही झळकले.

प्रत्यक्षात विमानं दोन होती. ग्वाल्हेरच्या तळावरून सरावासाठी उडालेलं एक सुखोई-३० आणि एक मिराज-२०००. त्यांना हवेतच अपघात झाला आणि त्यांचे तुकडे दोन राज्यांत विखुरले. सुखोईतले दोघे वैमानिक हवाई छत्रीनं उतरले, वाचले. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी मात्र गेले.

हनुमंतराव बेळगावचे. टीव्हीच्या पडद्यावर चार्टर विमान, दोन विमानं, तीन विमानं असा आकड्यांचा खेळ चालला होता, त्या वेळी बेळगावात एक घर आपल्या मुलाच्या बातमीकडे डोळे लावून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं पार्थिव बेळगावला आलं आणि शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. सारं गाव लोटलं. पण आदल्या दिवशीच्या त्या काही तासांचं काय? त्या तासांत आपण सगळे काय करत होतो, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

जयपूरची एक रात्र

बातमीची वाट पाहणं जयपूरला नवीन नाही. २९ मार्च १९४९ ची गोष्ट. दुसऱ्या दिवशी जयपुरात बृहद् राजस्थानचं उद्घाटन व्हायचं होतं. त्यासाठी सरदार वल्लभभाई पटेल, त्यांच्या कन्या मणिबेन आणि पतियाळाचे महाराज संध्याकाळी दिल्लीहून हवाई दलाच्या डव्ह विमानानं निघाले. वाटेत इंजिनानं दगा दिला. विमानाचा जमिनीशी संपर्क तुटला. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट भीमराव यांनी डोकं शांत ठेवलं आणि जयपूरच्या उत्तरेला शाहपुऱ्याजवळ, नदीच्या कोरड्या पात्रात, विमान पोटावर उतरवलं. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

पण हे जयपूरला कसं कळणार? दिल्लीला कसं कळणार? इकडे स्वागताला जमलेली मंडळी आभाळाकडे बघत उभी, तिकडे राजधानीत काळजीचं सावट. देशाचे उपपंतप्रधान कुठे आहेत, हे काही तास कोणालाच ठाऊक नव्हतं. सरदार रात्री उशिरा मोटारीनं जयपूरला पोचले, तेव्हा कुठे रेडिओवरून ती खबर देशभर गेली. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे उद्घाटनही झालं.

त्या रात्री लोकांना काहीच कळत नव्हतं, म्हणून जीव टांगणीला लागला होता. आज उलट झालं आहे. आज आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत सगळं 'कळतं'. चित्रफीत येते, तिच्याखाली कोणाचं तरी मत येतं, मग मताला मत चिकटत जातं. खरं काय ते कळायला महिने लागतात, कधी वर्षं लागतात. तोवर आपण दुसऱ्याच बातमीकडे वळलेलो असतो आणि पहिल्या पाच मिनिटांतलं मत मात्र मनात कायमचं घर करून बसतं.

हे किती महागात पडू शकतं, ते समजून घ्यायला जरा दूर जावं लागेल. अमेरिकेतल्या डॅलस शहरात.

डॅलसचं ते दृश्य

जयपुरात जुन्या मोटारींची रॅली निघते, ती आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिली असेल. आजोबांच्या जमान्यातल्या गाड्या घासूनपुसून, नव्या रंगात रस्त्यावर येतात. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये असंच प्रेम दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवर केलं जातं. त्यांना तिकडे 'वॉरबर्ड' म्हणतात. हौशी मंडळी संस्था काढतात, वर्गणी गोळा करतात, एकेक सुटा भाग शोधून ही विमानं उडती ठेवतात. त्यात निवृत्त वैमानिक असतात, मेकॅनिक असतात आणि नुसते छांदिष्टही असतात.

१२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलसमध्ये अशाच विमानांचं प्रदर्शन होतं. आकाशात दोन ताफे होते. एक बॉम्बर विमानांचा, दुसरा छोट्या लढाऊ विमानांचा. बॉम्बरच्या ताफ्यात 'टेक्सास रेडर्स' नावाचं चार इंजिनांचं बी-१७ होतं. युद्धकाळात या जातीची बारा हजारांहून जास्त विमानं बांधली गेली. त्यांपैकी उडण्याजोगी उरली होती ती बोटांवर मोजण्याइतकी. लढाऊ ताफ्यात पी-६३ किंगकोब्रा होतं. हे तर त्याहूनही दुर्मीळ, कारण या जातीची बहुतेक विमानं युद्धात सोव्हिएत रशियाकडे रवाना झाली होती.

दुपारी दीडच्या सुमाराला डाव्या बाजूला कललेलं किंगकोब्रा मागून आलं आणि बी-१७ च्या पंखामागे धडकलं. बॉम्बरचे दोन तुकडे झाले. बॉम्बरमधले पाच जण आणि किंगकोब्राचा एकटा वैमानिक, असे सहाही जण गेले. सुदैवानं जमिनीवर कोणाला इजा झाली नाही.

प्रेक्षकांत लहान मुलं होती, आजी-आजोबा होते आणि अर्थातच शेकडो फोन होते. काही मिनिटांत ते दृश्य जगभर फिरलं. निरनिराळ्या कोनांतून घेतलेलं, संथ गतीत, लाल वर्तुळं काढलेलं. आणि निवाडेही सुटले. 'किंगकोब्राच्या वैमानिकाला एवढं मोठं विमान दिसलं नाही?' 'ऐंशी वर्षांची खटारी उडवायचीच कशाला?' 'पैशांसाठी जिवाशी खेळ!'

त्याच वेळी विमानविश्वातली माणसं कशी वागत होती? दुःख तर त्यांनाच जास्त होतं, कारण गेलेले सहा जण त्यांचे सोबती होते. विमानांची मालकी असलेल्या संस्थेच्या प्रमुखांनी त्या संध्याकाळी पत्रकारांना सांगितलं, की कुटुंबांना कळवल्याखेरीज आम्ही नावं देणार नाही. विमानं दिसत होती, त्यांचे क्रमांक दिसत होते. अंदाज बांधणं कोणालाही शक्य होतं. तरीही नावं त्यांनी ओठांवर येऊ दिली नाहीत. जुनी विमानं उडवणाऱ्या अनुभवी वैमानिकांनी लोकांना हेच विनवलं, की चौकशी होऊ द्या, तोवर दोषारोप नको.

बाहेरच्या माणसाला हे एकमेकांना पाठीशी घालणं वाटू शकतं. आपल्यातल्या माणसाला सांभाळून घ्यायची खोड सगळ्याच व्यवसायांना असते. पण इथे गोष्ट वेगळी होती. या लोकांना अनुभवानं एक धडा मिळाला आहे. पहिल्या दिवशी जो दोषी वाटतो, तो शेवटच्या दिवशी दोषी असतोच असं नाही.

दिसलं कसं नाही?

चौकशीला दोन वर्षं लागली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अंतिम अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. 'एवढं मोठं विमान दिसलं नाही?' या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे आणि ते आपल्या रोजच्या अनुभवाशी जुळणारं आहे.

मोटार चालवणाऱ्या वाचकांनी आठवून पाहावं. पुढच्या काचेच्या कडेला जो पत्र्याचा खांब असतो, त्याच्याआड चौकातून येणारी स्कूटर कधी कधी पुरती लपते. स्कूटर आणि मोटार अशा वेगानं पुढे सरकतात, की ती त्या खांबाआडच राहते. आपण समोर बघत असतो, तरी ती दिसत नाही आणि एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. आकाशात हेच होतं, फक्त वेग कितीतरी पट असतो. शिवाय दोन विमानं सरळ रेषेत एकमेकांना भिडायला निघाली असतील, तर वैमानिकाला दुसरं विमान काचेवर एकाच जागी स्थिर दिसतं. हललेली वस्तू डोळ्यांना चटकन जाणवते, स्थिर ठिपका जाणवत नाही. तो ठिपका शेवटच्या काही क्षणांत एकदम मोठा होतो आणि तोवर हातात काही उरलेलं नसतं. त्यात किंगकोब्रा वळणावर कललेलं होतं. विमानाचा स्वतःचाच सांगाडा वैमानिकाच्या नजरेच्या आड येत होता. पुढच्या सोबत्यांवर लक्ष ठेवायचं, प्रेक्षकांपासूनचं अंतर राखायचं, जमिनीवरून येणाऱ्या सूचना ऐकायच्या, हे सगळं एकाच वेळी चाललं होतं.

मग चूक कुठे होती? अहवालानं बोट ठेवलं ते आखणीवर. अशा प्रदर्शनात जमिनीवरून सूत्रं हलवणारा एक माणूस असतो, त्याला 'एअर बॉस' म्हणतात. त्या दिवशी त्यानं लढाऊ ताफ्याला प्रेक्षकांजवळच्या रेषेवर आणि बॉम्बर ताफ्याला त्यापलीकडच्या रेषेवर यायला सांगितलं. पण एकमेकांजवळून जाताना कोणी किती उंचीवर राहायचं, हे उड्डाणापूर्वीच्या बैठकीत ठरलं नव्हतं आणि हवेतही सांगितलं गेलं नाही. सगळी भिस्त आयत्या वेळच्या सूचनांवर आणि 'बघा आणि टाळा' या भरवशावर. एअर बॉसचं काम कसं चालावं, याबद्दल सरकारी विमान खात्याचं मार्गदर्शनही पुरेसं नव्हतं, असं अहवालानं बजावलं.

म्हणजे ज्या माणसाला जगानं पहिल्या दिवशी फासावर चढवलं, त्याला ते विमान दिसणं फार कठीण होतं. 'वैमानिक चुकला' म्हणून त्याच दिवशी फाईल बंद केली असती, तर काय झालं असतं? पुढच्या प्रदर्शनात वैमानिक नवा असता, पण उंचीची आखणी तेव्हाही नसती. पुढचे सहा जणही त्याच वाटेनं गेले असते.

तीच तारीख, आपलं आकाश

१२ नोव्हेंबर ही तारीख आपल्याला विसरता येण्यासारखी नाही. डॅलसच्या बरोबर २६ वर्षं आधी, १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी, हरयाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं जम्बो जेट आणि कझाकस्तानचं इल्युशिन विमान एकमेकांवर आदळलं. एक दिल्लीहून उडालेलं, दुसरं दिल्लीत उतरायला आलेलं. दोन्हींतले मिळून ३४९ जण गेले. एकही वाचलं नाही. हवेतल्या टकरीत इतकी माणसं आजवर दुसरीकडे कुठेही गेलेली नाहीत. सौदीत पोटापाण्यासाठी निघालेले कितीतरी कामगार त्यात होते. शेतात विखुरलेल्या सामानाची आणि चपलांची छायाचित्रं त्या काळच्या वाचकांना आठवत असतील.

तेव्हाही लोकांनी आपापले आरोपी निवडले होते. कोणाला दिल्लीचा नियंत्रक दोषी वाटला, कोणाला परदेशी वैमानिक. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत निघालं ते असं, की नियंत्रकानं सौदी विमानाला १४ हजार फुटांवर आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. चूक त्या विमानात होती, हे खरंच. पण चौकशी तिथे थांबली नाही. इंग्रजी सूचना समजण्यात त्या चमूची अडचण होती. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना दिल्लीच्या त्या बाजूला एकच मार्ग होता. नियंत्रकासमोरच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे.

त्यातून जे बदल झाले, त्यांचा लाभ आज विमानात बसणारा प्रत्येक जण घेतो. येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले. उंची दाखवणारी रडार यंत्रणा आली. आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारं यंत्र बसवण्याची भारतानं सक्ती केली. हे यंत्र समोरच्या विमानातल्या यंत्राशी परस्पर बोलतं आणि धोका दिसला की एकाला 'वर जा' म्हणतं, दुसऱ्याला 'खाली जा'. जयपूरहून मुंबईला किंवा पुण्याला जाताना आपण खिडकीतून ढग बघत असतो, तेव्हा हे यंत्र पुढे मुकाट्यानं काम करत असतं. त्या ३४९ जणांनी नकळत आपल्यासाठी ठेवलेला हा वारसा आहे.

'कझाक वैमानिक मूर्ख होता' एवढ्यावर समाधान मानलं असतं, तर हा वारसा आपल्याला मिळाला नसता.

जुनी विमानं उडवावीत का?

डॅलसनंतर विमानप्रेमींमध्ये एक जुनाच वाद पुन्हा पेटला. ही विमानं आता संग्रहालयात ठेवावीत, उडवू नयेत, असं एका बाजूचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात जोर होता, कारण २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतच कनेटिकट राज्यात आणखी एक बी-१७ कोसळलं होतं आणि सात जण गेले होते. त्यात हौसेनं तिकीट काढून बसलेले प्रवासीही होते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की काचेमागे उभं केलेलं विमान म्हणजे पेंढा भरलेला वाघ. त्याच्या इंजिनांचा आवाज ऐकला, की त्यात बसून लढायला गेलेली विशीतली पोरं कोण होती, हे नातवंडांना कळतं.

हा वाद परका वाटत असेल, तर कानपूरची एक हकिगत ऐका. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपुरात लिबरेटर जातीची बॉम्बर विमानं मोडतोड करून टाकून दिली. ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत, हा हेतू. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी तीच भंगारातली विमानं उभी केली. जमशेद मुन्शी नावाच्या त्यांच्या धाडसी वैमानिकानं ती एकामागून एक बंगलोरला उडवत नेली. हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. पुढे त्यांतली काही परदेशच्या संग्रहालयांत गेली आणि एक तर अमेरिकेतल्या एका संस्थेनं पुन्हा उडतं करून गावोगाव दाखवलं. तिकडचे लोक ज्या जुन्या विमानाकडे डोळे भरून पाहत, ते आपल्या कारागिरांच्या हातांनी जगलेलं होतं.

आपल्या हवाई दलाकडेही जुन्या विमानांचा एक छोटा ताफा आहे. त्यात टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे. ४ मे २०१८ रोजी हिंडनच्या तळावर 'परशुराम' नावाचं डाकोटा त्यात दाखल झालं. राजीव चंद्रशेखर यांनी ते इंग्लंडमध्ये दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. विमानाला क्रमांक दिला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर शीख रेजिमेंटचे जवान उतरवणाऱ्या डाकोटाचा तो क्रमांक. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात हे विमान डोक्यावरून जातं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही असतोच.

म्हणून 'उडवावीत का' या प्रश्नाला सरसकट 'नको' म्हणता येत नाही आणि आंधळेपणानं 'हो'ही म्हणता येत नाही. उडवायची, तर प्रत्येक बोल्ट तपासून, उंची आधी ठरवून आणि प्रेक्षकांना दूर ठेवून. हौसेला मोल असतं, हे आपण लग्नकार्यातही म्हणतो. इथे ते मोल जिवाचं आहे, एवढं ध्यानात ठेवलं पाहिजे.

प्रदर्शन चालू ठेवायचं?

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरच्या येलहंका तळावर हवाई प्रदर्शनाची तालीम चालली होती. सूर्यकिरण पथकाची दोन हॉक विमानं हवेत एकमेकांना भिडली. विंग कमांडर साहिल गांधी गेले. विंग कमांडर विजय शेळके आणि स्क्वाड्रन लीडर तेजेश्वर सिंग हवाई छत्रीनं उतरले, जखमी झाले. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन ठरल्याप्रमाणे सुरू झालं, ते गेलेल्या सोबत्याला आकाशातून मानवंदना देऊन. आणि ते संपायच्या आत सूर्यकिरण पथक पुन्हा आकाशात होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या हवाई प्रदर्शनात आपलं तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. तिथंही कार्यक्रम पुढे चालू राहिला. पण त्याच प्रदर्शनात कसरती दाखवायला आलेल्या अमेरिकन वैमानिकानं आणि त्याच्या चमूनं आपलं उड्डाण रद्द केलं. गेलेला सहकारी त्यांच्या देशाचा नव्हता. तरी त्या दिवशी लोकांच्या टाळ्या घेणं त्यांना रुचलं नाही.

एकीकडे पुन्हा उडून श्रद्धांजली, दुसरीकडे न उडून श्रद्धांजली. कोणतं बरोबर? माझ्या मते दोन्ही बरोबर. कारण दोन्ही ठिकाणी गेलेला माणूस केंद्रस्थानी होता. सूर्यकिरणचे वैमानिक उडाले ते सोबत्याचं काम अर्धवट राहू नये म्हणून. अमेरिकन थांबला तो सोबत्याची आठवण गर्दीत हरवू नये म्हणून. आपल्या घरात कोणी गेलं, तर एक भाऊ तेराव्यापर्यंत दुकान उघडत नाही, दुसरा तिसऱ्या दिवशी कामावर जातो. दोघांचं दुःख सारखंच असतं.

एका बापाची दाद

घाईच्या निवाड्याची किंमत शेवटी कोण मोजतं? विमानं आदळलेली नसली, तरी १२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात इथे आठवतो. त्यात २६० जण गेले. महिन्याभरानं चौकशीचा प्राथमिक अहवाल आला आणि त्यातल्या चार ओळींवरून देशी-परदेशी माध्यमांत मुंबईच्या कॅप्टनवर संशयाची सुई रोखली गेली. वैमानिकांच्या संघटनांनी निषेध केला. शेवटी नव्वदी ओलांडलेल्या त्या कॅप्टनच्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. मुलगा तर गेलाच होता. त्याच्या नावासाठी म्हाताऱ्या बापाला लढावं लागलं. वैमानिकाला कोणी दोष देऊ शकत नाही आणि तुम्ही हे ओझं मनावर घेऊ नका, अशा आशयाचा दिलासा न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांना दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे सांगावं लागलं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि आपण फोनवाल्यांनी आधीच पाळायला काय हरकत होती?

विमान अपघातांच्या चौकशीबद्दल एक आंतरराष्ट्रीय नियम आहे. चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असावा, दोष किंवा जबाबदारी वाटून देणं हा नसावा. भारतानंही तो मानला आहे. पहिल्यांदा वाचताना तो जरा गुळमुळीत वाटतो. कोणाला शिक्षाच नको का? हवी ना, हेतुपुरस्सर गुन्हा असेल तर न्यायालयं आहेतच. पण शिक्षेची भीती घातली, की माणसं तोंड मिटतात, कागद लपवतात. आणि आखणीतलं भोक तसंच राहतं. वैमानिक, मेकॅनिक, नियंत्रक निर्धास्तपणे खरं बोलले, तरच ते भोक सापडतं.

घरातही हेच नाही का? काचेचं भांडं फुटलं, की "कोणी फोडलं?" म्हणून ओरडणाऱ्या घरात पोरं खोटं बोलायला शिकतात. "कसं फुटलं?" असं विचारणाऱ्या घरात पुढच्या वेळी भांडं फळीच्या कडेला ठेवलं जात नाही.

यापुढे फोनवर अशी चित्रफीत आली, तर तीन गोष्टी कराव्यात. ती पुढे पाठवण्याआधी एवढं आठवावं, की त्या धुरात कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी आहे आणि त्या घरी अजून निरोप पोचलेला नसेल. कुटुंबाला कळण्याआधी नाव आपल्या तोंडून जाऊ नये. आणि जमल्यास वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या अहवालाची बातमी शोधून वाचावी, घरातल्या मुलांनाही वाचून दाखवावी. ती आतल्या पानावर चार ओळींत छापलेली असते. पण पुढच्या विमानातली माणसं सुखरूप उतरायची असतील, तर कामाची गोष्ट त्या चार ओळींतच असते.